पाण्यावाचून वाढणारा बेडूक : आंबोलीतले पावसाळी दिवस

मंगळवार : आजऱ्यापुढचा पाऊस

मिरगाचे पहिले पाऊस पडून गेले की आंबोलीची रानं रात्री बोलायला लागतात. ते ऐकायचं होतं आणि धबधब्यावरची शनिवार-रविवारची जत्रा टाळायची होती, म्हणून मुद्दाम आठवड्याच्या मधले दिवस धरले. बरोबर माझी भाची. ती प्राणिशास्त्र शिकते, आणि तिने महिनाभर एकाच बेडकाचा ध्यास घेतला होता : आंबोली बुश फ्रॉग. शास्त्रीय नाव स्यूडोफिलाउटस आंबोली. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट या बेडूक-अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या झुडपी बेडकांच्या बारा नव्या जाती २००९ मध्ये एकदमच जगासमोर आणल्या, त्यातली ही एक. नाव गावावरूनच दिलेलं. "ग्लायडिंग फ्रॉग काय, सगळेच बघतात, मावशी. आपण हा बघू," असं तिने निघतानाच सांगून ठेवलं होतं.

पुण्याहून कोल्हापूर, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असा रस्ता. आजऱ्यापर्यंत नुसती भुरभुर होती. पुढे आंबोली जवळ आली तसे ढग गाडीच्या काचेला टेकले आणि पाऊस असा सुरू झाला की वायपरचा काही उपयोग राहिला नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे काय, हे त्या शेवटच्या अर्ध्या तासात कळतं.

मुक्काम गावाबाहेर, चौकुळच्या रस्त्याला एका घरगुती ठिकाणी. कौलारू घर, मागे फणस, आणि कुंपणाला लागून कमरेइतका दाट झाडोरा. घरातल्या वहिनींनी आधी टॉवेल दिले, मग चुलीतून काढलेल्या भाजक्या आठळ्या. फणसाच्या आठळ्यांवर मीठ भुरभुरून धुराच्या वासासकट खाल्लं की प्रवास अंगातून उतरतो. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची कोवळी भाजी. टाकळा जूनमध्ये पहिल्या पावसावर उगवतो आणि थोड्याच दिवसांत निबर होतो, त्यामुळे ताटात तो दिसला की खरंच बरं वाटतं.

पडवीत त्यांचे सासरे बसले होते. आम्ही कशासाठी आलो ते ऐकून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "बेडूक बघूक पुण्यासून इलात? बरा केलात." आणि कुंपणाकडे हात करून म्हणाले, "आयका. बोलतत तेच."

ऐकलं. पावसाच्या आवाजाखाली दुसराच एक आवाज होता. कोरडा, कडक, टिक-टिक-टिक. इकडून एकाने सुरू केलं की तिकडून दुसरा उत्तर द्यायचा. भाची बॅटरी घेऊन उठली, पण पाऊस इतका वाढला की पायरीच्या पुढे जाता येईना. ती बराच वेळ दारातच उभी होती.

बुधवार : हिरण्यकेशी, आणि रात्रीची वाट

सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस. मग हिरण्यकेशीला गेलो. महादेवाच्या देवळामागच्या गुहेतून नदी उगम पावते आणि पुढच्या कुंडात येते. तिथून आजऱ्याकडे, मग घटप्रभेला, घटप्रभेतून कृष्णेला. समुद्र पश्चिमेला इतका जवळ, पण हे पाणी थेट बंगालच्या उपसागराला जातं. याच कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा रंगीत मासा विज्ञानाला नव्याने कळला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. आम्ही गेलो तेव्हा कुंडाच्या काठी आमच्याखेरीज कुणी नव्हतं. पाण्यात पाय घालू नका, बिस्किटांचे तुकडे टाकू नका. एवढ्याशा कुंडात एक अख्खी जात जगते आहे.

दुपार पावसात गेली. रात्री आठच्या सुमारास गावातला एक तरुण आम्हाला न्यायला आला; त्याला आम्ही दादाच म्हणत होतो. लहानपणापासून याच रानात वाढलेला, आणि आता पावसाळ्यात अभ्यासक आणि छायाचित्रकारांना वाट दाखवतो. त्याने आधी बूट तपासले, मग हात. "डासांचं मलम लावलंय?" भाचीने लावलं होतं. त्याने साबण देऊन हात धुवायला लावले. बेडकाच्या कातडीतून पाणी आत जातं तसं औषधही जातं, म्हणून मलम लावलेल्या हाताने पानालासुद्धा शिवायचं नाही. त्याच्याबरोबर गेलं की बेडूक कुणीच हातात घेत नाही.

पहिला थांबा एका पडीक सिमेंटच्या टाकीपाशी. वरच्या फांदीवर मलबार ग्लायडिंग फ्रॉगची जोडी फेस करत होती. मादी मागच्या पायांनी आपल्याच अंगातला द्रव घुसळत होती, पोपटी अंग, पायांच्या बोटांमध्ये लालभडक पडदे, आणि तिच्या पाठीवर तिच्याहून लहान नर. त्या पांढऱ्या फेसात अंडी. ती फुटली की पोरं खालच्या टाकीत टपटप पडतात आणि बाकीचं बालपण पाण्यात काढतात. देखणा आहे हा बेडूक, यात शंका नाही. आम्ही तिथे रेंगाळलो. पण भाचीचे कान दुसरीकडेच होते.

पुढे वाट रानात शिरली. (राखीव जंगलात रात्री जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ती आमच्या वाटाड्याने काढली होती. कुणी "परवानगीची गरज नाही" म्हणत असेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका.) अंजनी, जांभूळ, हिरडा यांची गच्च गर्दी, खोडांवर शेवाळ, आणि खाली कारवी. एका फांदीवर मलबारी चापडा अंगाचा वेटोळा करून पडलेला होता, डोकं खाली, एकदम स्थिर. त्याच्याखालीच ओहोळ. विषारी साप आहे, पण आपण अंतर ठेवलं तर तो जागचा हलत नाही. दादाने आम्हाला लांबून वळसा घालून नेलं आणि सांगितलं, "जिथे हा बसलाय तिथे बेडूक आहेत. त्याला आपल्याहून जास्त माहिती."

आणि मग तो कडक टिक-टिक अगदी कानाशी आला. दादाने बॅटरी बोटांनी झाकून उजेड मंद केला. आवाज समोरून येत होता, डावीकडून येत होता, आणि दिसत काहीच नव्हतं. हे बेडूक शोधताना आवाजाकडे बघायचं नसतं, हे त्याच्याकडून शिकले. एकजण एका बाजूला उभा राहतो, दुसरा दुसऱ्या, दोघंही आवाजाच्या दिशेने हात करतात आणि हात जिथे मिळतात त्या पानावर बघायचं. भाचीचा आणि दादाचा हात कारवीच्या एका पानावर मिळाला.

अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा जीव. तपकिरी, पाठीवर गडद नक्षी, ओल्या पाचोळ्यात टाकला तर पुन्हा सापडणार नाही असा रंग. बोटांच्या टोकांना गोल चकत्या, त्यांनी पान पकडलेलं. डोळा मोठा, बाहुली आडवी. काही वेळ त्याने आम्हाला सहन केलं. मग गळ्याखालची पिशवी फुगली, इतकी की तिची कातडी पातळ होऊन उजेड आरपार दिसायला लागला, आणि त्या एवढ्याशा देहातून तो आवाज निघाला. दर आवाजाला त्याचं सगळं अंग हादरत होतं. पलीकडच्या झुडपातून उत्तर आलं तसा हा पानावर थोडा वळला, त्या दिशेला तोंड करून पुन्हा बोलला. भाचीने फोटो काढला नाही. ध्वनिमुद्रण केलं, बॅटरी बंद करून. अंधारात ते आवाज ऐकत आम्ही उभे होतो.

परतताना तिने सांगायला सुरुवात केली आणि घर येईपर्यंत थांबली नाही. या बेडकाला तळं लागत नाही, डबकं लागत नाही, ओहोळही लागत नाही. अंडी जमिनीवर, ओलसर माती-पाचोळ्यात. त्यातून शेपटीचं पिल्लू पोहत बाहेर येत नाही. ते सगळं रूपांतर अंड्याच्या आतच उरकतं आणि बाहेर पडतो तो चार पायांचा इवलासा पूर्ण बेडूक. "इथलं पाणी थांबतं कुठे, मावशी? सगळं धावत सुटतं. याने पाण्याचा नादच सोडला." त्याच्या वंशाच्या सत्तरहून अधिक जाती श्रीलंकेत आहेत. भारतात फक्त तीन, त्यातली ही सगळ्यात उत्तरेची. श्रीलंकेत त्यातल्या बऱ्याच जाती नामशेष झाल्या. काही तर आता फक्त संग्रहालयांतल्या बाटल्यांमध्ये आहेत. जंगल तुटलं, खालची ओल सुकली, की अशा बेडकाला पळून जायला पाणवठाही नसतो.

वाटेत दादाने अचानक सगळ्या बॅटऱ्या बंद करायला सांगितल्या. डोळे अंधाराला सरावले तशी एका कुजक्या फांदीवर हिरवट उजेडाची रेघ दिसायला लागली. चमकणारी बुरशी. ऐकून माहीत होतं, पण समोर बघितल्यावर मी कितीतरी वेळ काही बोललेच नाही.

रात्री फिरायला जाणाऱ्यांसाठी : गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, आदल्या दिवशी धुऊन वाळवलेले. दुसऱ्या रानातला चिखल आणू नका, कायट्रिड नावाची बुरशी बेडकांमध्ये असाच प्रवास करते आणि तिने जगभर जातीच्या जाती संपवल्या आहेत. छत्री झुडपात अडकते, लांब रेनकोट बरा. फ्लॅश नको. कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी भिंगाच्या आत धुकं. जळवा लागतात, मीठ शिंपडण्याऐवजी नखाने हलकेच सोडवा. आणि वाटाडे स्थानिकच घ्या. त्यांचा मोबदला ठरवताना घासाघीस करू नका. हे रान टिकण्यात त्यांचा फायदा असला पाहिजे.

गुरुवार : सड्यावरचे भेक

गुरुवारी पावसाने उघडीप दिली आणि आम्ही सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पसरट पठार. उन्हाळ्यात तिथे पाय भाजतात. आता मात्र दगडाच्या प्रत्येक खळग्यात बोटभर पाणी आणि फटीफटीतून हिरवे कोंब.

या खळग्यांत आंबोली भेक (इंग्रजीत टोड) विणीला येतो. झँथोफ्रायनी टायग्रिना. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्येच याचंही वर्णन केलं, आणि याच्यासाठी वंशच नवा उभा करावा लागला. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून ते नाव. याचा एकच भाऊबंद, कोयनेच्या बाजूचा. पहिल्या पावसात हे भेक थोड्याच दिवसांत झुंडीने सड्यावर येतात, बोटभर पाण्यात अंडी घालतात आणि परत दगडाखाली जातात. पावसाने चार दिवस ओढ दिली तर ते पाणी आटतं आणि अंडीही. आम्हाला मोठी झुंड मिळाली नाही, ती आठवड्याभरापूर्वी येऊन गेली होती. पण खळग्यांमध्ये काळी पिल्लं वळवळत होती, आणि एका कपारीत एक भेक बसलेला सापडला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा सगळा मुलूख इतका छोटा, की सड्याचा एक तुकडा बांधकामाखाली गेला तरी फार मोठी हानी.

सड्यावर खळग्यांत पाय पडू देऊ नका. पाणी आहे म्हणून बूट धुवायचा मोह होतो, तो आवरा. गाडी तर चढवूच नका. चाकोऱ्यांच्या खुणा आम्ही पाहिल्या आणि वाईट वाटलं.

तिथून कावळेसादला. दरीतून वारा असा येतो की कड्यावरून खाली पडणारं पाणी उलटं आपल्या अंगावर येतं. कणसं, भजी, चहा, सगळं तिथे आहे. धुकं इतकं होतं की दरी दिसली नाही. वाऱ्यात उभं राहून खाल्लेल्या कांदाभजीची मात्र आठवण राहील.

दुपारी परत येताना मुख्य रस्त्यावर चिरडलेले बेडूक बघितले. पावसात डांबरावर बेडूक येतात आणि रात्रीच्या गाड्यांना ते दिसत नाहीत. संकेश्वर-बांदा रस्ता आता रुंद आणि वेगाचा झाला आहे. पाऊस पडत असताना रात्री आंबोलीतून जायची वेळ आलीच तर वेग तीसवर ठेवा. शक्य असेल तर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा.

संध्याकाळी पाऊस पुन्हा लागला. वहिनींनी फागलांची, म्हणजे कर्टोल्यांची, भाजी केली होती आणि सोलकढी. जेवून पडवीत आलो तर कुंपणातला टिक-टिक सुरू. आज पाऊस बारीक होता. भाची आणि मी दोन बाजूंना उभ्या राहिलो, आवाजाकडे हात केले, आणि कुंपणाच्या झाडोऱ्यात, घराच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर, नेच्याच्या पानावर तोच बेडूक. तीच चकतीची बोटं, तोच आडवा डोळा. रानात इतकं चालून जे बघितलं ते घरामागे होतं.

वहिनींचे सासरे काठी टेकत आले. वाकून बघितलं नाही, त्यांना गरज नव्हती. भाचीने विचारलं, इथे ओढा नाही, विहीर तिकडे लांब, मग हे इथे कसे? ते म्हणाले, "तेंका पाणी नको गो बाय, ओल व्हयी. ह्यो पातेरो काढलो काय ते गेले." पातेरो म्हणजे पाचोळा. महाविद्यालयात ती जे वाचून आली होती ते त्यांनी पडवीत बसून पाहिलेलं होतं.

शुक्रवार : घाट उतरताना

निघायच्या सकाळी वहिनींशी बोलत बसले. आजूबाजूला नव्या राहण्याच्या जागा होत आहेत. पाहुण्यांना साप-विंचवाची भीती वाटते, म्हणून झाडोरा कापायचा, पाचोळा जाळायचा, फरशी घालायची, हिरवळ लावायची आणि रात्रभर मोठे दिवे. हिरवळीवर पाणी शिंपडलं तरी तिथे हा बेडूक राहत नाही. त्याला सावली हवी, कुजणारी पानं हवीत, बसून ओरडायला झुडूप हवं आणि रात्री अंधार. वहिनींकडेही मागच्या वर्षी कुणीतरी सांगून गेलं होतं, मागची जागा साफ करा, गाड्या लागतील. सासऱ्यांनी नाही म्हटलं. "दसरो होयसर हय कोण कोयतो लावूचो नाय," हा त्यांचा नियम आहे आणि घरात तो सगळे पाळतात.

म्हणून आंबोलीला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे : राहायला जागा निवडताना मागचं अंगण बघा. चकाचक फरशी आणि झगमगीत दिवे असतील तर दुसरीकडे विचारा. घरामागे गच्च झाडोरा असेल, रात्री दिवे मालवत असतील, तर तिथे राहा आणि झाडोऱ्याबद्दल घरच्यांना दोन शब्द चांगले बोला. पाहुण्यांना हेच आवडतं असं कळलं तर कोयता आपोआप थांबेल. आययूसीएनच्या २०११ च्या मूल्यमापनात या झुडपी बेडकाला अतिसंकटग्रस्त ठरवलं होतं. पुढे कर्नाटकातल्या काही रानांतूनही त्याच्या नोंदी झाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्येक ठिकाणी त्याला हीच खालची ओल लागते.

परत जायचं ते सावंतवाडीकडून, रेल्वेने. घाट उतरून सुमारे तीस किलोमीटर. वाटेत जिथे गाडी सुरक्षित उभी करता येते अशा जागी दादाने आम्हाला थांबवलं. तोही सावंतवाडीलाच निघाला होता. रस्त्याकडेच्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत होता. त्याने बोट दाखवलं तरी मला आधी शेवाळच वाटलं. मग शेवाळाचा एक तुकडा सरकला. लांब शेपटीची, चपट्या पोटाची बेडकाची पिल्लं उभ्या ओल्या दगडाला चिकटून बसली होती. उडी मारणाऱ्या इंडिराना बेडकांची. त्यातली इंडिराना चिरवासी ही जात इथूनच, आंबोलीहून, २०१४ मध्ये नोंदली गेली. भाचीने वहीत चार ओळी मांडल्या : फेस आणि टाकी, सड्याचा खळगा, ओला कातळ, पाचोळा. एकाच गावच्या पावसात चार बेडकांची चार बिऱ्हाडं. आणि याच मातीत देवगांडूळही आहे, पाय नसलेला उभयचर. गेगेनिओफिस डॅनिएली ही त्याची जात २००३ मध्ये आंबोलीहूनच वर्णन केली गेली. तो दिसायला नशीब लागतं.

गाडीत बसल्यावर तिने बुधवारचं ध्वनिमुद्रण आय-नॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलं. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते. तरी तिने वर्णनात घराचं नाव लिहिलं नाही, मीही इथे लिहिलेलं नाही. तुम्हीही फोटो टाकाल तेव्हा मोबाइलमधली जागेची नोंद आधी बंद करा.